बिनऔषधी उपचार करणाऱ्यांना नीतीचं प्रशिक्षण कसं द्यावं: तयारीपासून तपासणीपर्यंत

"आमच्या स्टाफला एथिक्सचं ट्रेनिंग द्या, दोन तासांत उरकेल ना? संमतीचे फॉर्म आम्ही छापून घेतलेत." बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या फिजिओथेरपी केंद्रांतून, योगोपचार वर्गांतून, समुपदेशन केंद्रांतून असे फोन येतात तेव्हा पुढची चूक फोनवरच ऐकू येते. फॉर्म आधी छापलाय. म्हणजे काउंटरवरची मुलगी पेशंटला तपासायच्या आधीच सही घेणार, आणि आत थेरपिस्ट म्हणणार, सही झालीये, चला झोपा.

नेहमीचं ट्रेनिंग असं: प्रोजेक्टर लावून चार इंग्रजी तत्त्वं सांगायची, चहा, प्रमाणपत्र, ग्रुप फोटो. सोमवारी केंद्रात काहीही बदललेलं नसतं. मी स्वतः पहिल्या दोन तुकड्या अशाच घेतल्या, त्यामुळे खात्रीने सांगते. बिघाड विषयात नसतो, टप्प्यांच्या क्रमात असतो. खालच्या क्रमाला एक पूर्ण रविवार आणि नंतर एकेक तासाच्या तीन संध्याकाळी लागतात. तुकडी 12 ते 15 जणांची ठेवा. त्याहून मोठी केली तर मागच्या रांगेतले फक्त ऐकून जातात.

## टप्पा 1: दोन आठवडे आधीची तयारी

कोण बसणार ते ठरवा. फक्त थेरपिस्ट नकोत. काउंटर सांभाळणारी मुलगी, मशीन लावून देणारा मदतनीस, घरी जाऊन व्यायाम घेणारे, सगळे एकाच वर्गात हवेत. पेशंटशी पहिलं वाक्य बोलते ती काउंटरवरची मुलगी. तिला बाहेर ठेवून घेतलेलं प्रशिक्षण दारातच फुकट जातं.

नोंदणीची यादी करा. प्रत्येकाची पदवी काय, नोंदणी कुठे, हे एका कागदावर लिहा. फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारे) संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या 2021 च्या राष्ट्रीय कायद्यात येतात. वाचा-श्रवण उपचार करणारे आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट 1992 च्या कायद्याने आलेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे असतात. कर्नाटकात खासगी केंद्राला खासगी वैद्यकीय आस्थापनांच्या 2007 च्या कायद्याखालची नोंदणी वेगळी लागते. आपल्याकडे कोल्हापूरकडे शिकून इकडे काम करणारे पुष्कळ. "माझी तिकडची नोंदणी आहे की" एवढ्यावर थांबू नका, ती इथे चालते का ते लेखी विचारून घ्या.

प्रसंग गोळा करा. प्रत्येकाकडून आपल्या कामात अडकलेला एक प्रसंग मागवा. एक परिच्छेद, नाव नको. पुस्तकातले प्रसंग आणू नका. परदेशातल्या क्लिनिकमधली गोष्ट ऐकून कुणी स्वतःला दोष देत नाही.

> सावधान: नाव काढलं म्हणजे ओळख पुसली असं नाही. माझ्या दुसऱ्या तुकडीत मी एक प्रसंग वाचला: खानापूर तालुक्यातलं गाव, शाळेत शिकवणारी बाई, नवरा मिलिटरीत. नाव कुठेच नव्हतं. तिसऱ्या ओळीला समोरची एक मुलगी खाली मान घालून बसली. ती बाई तिची मामेबहीण होती. आपल्या भागात घरटी एक माणूस फौजेत असला तरी गाव आणि नोकरी मिळून माणूस सापडतोच. गाव, वय, व्यवसाय, नातं या चारांपैकी निदान तीन गोष्टी बदला, मगच वाचा.

भाषा ठरवा. वर्ग मराठीत घेतलात तरी सरावाच्या जोड्या मिश्र लावा. वडगाव-शहापूरच्या मागावरचा विणकर, उद्यमबागच्या फाउंड्रीतला कामगार, निपाणीची विडी वळणारी बाई यांतलं कोण कुठली भाषा बोलेल ते आडनावावरून ठरवता येत नाही. कन्नड घरातला थेरपिस्ट आणि मराठी पेशंट, किंवा उलट, ही इथली रोजची जोडी आहे. सराव तिचाच हवा.

## टप्पा 2: आपली हद्द (सकाळचा पहिला तास)

प्रत्येकाला कोरा कागद द्या, तीन रकाने आखायला सांगा: *मी एकट्याने करतो*, *डॉक्टरांना विचारून करतो*, *मी करत नाही*. बोलायचं नाही, आधी लिहायचं. तिसरा रकाना बहुतेकांचा रिकामा राहतो. चर्चा तिथूनच सुरू होते.

तिसऱ्या रकान्यात सगळ्यांच्या कागदावर एक ओळ यायलाच हवी: चालू औषध बंद करायला किंवा कमी करायला सांगणं. साखरेची गोळी, इन्सुलिन, रक्तदाब, फिट, मानसिक आजार, कुठलंही. पेशंट विचारणारच, "योगा सुरू केलाय, आता गोळ्या सोडू काय?" उत्तर तोंडपाठ करून घ्या: "गोळी ज्यांनी दिली त्यांना विचारूया. तुम्ही व्यायाम करताय ते मी चिठ्ठीत लिहून देते." हे वाक्य प्रत्येकाने एकदा मोठ्याने म्हणायचं. हसतात, तरी म्हणवून घ्यायचं.

मग धोक्याच्या खुणा. पाठदुखीच्या पेशंटला लघवी अडतेय किंवा सुटलेली कळत नाहीये, बसायची जागा बधीर झालीये, पाय लटका पडत चाललाय, तर त्या दिवशी शेक नाही, मशीन नाही. तातडीने मोठ्या दवाखान्यात. रात्री झोपेतून उठवणारी दुखणी, विनाकारण घटलेलं वजन, ताप, पूर्वीचा कॅन्सर, यांतलं काही असेल तर आधी डॉक्टर. पेसमेकर असेल तर विजेच्या प्रवाहाच्या मशीनआधी विचारणं, अंगात धातूची पट्टी असेल तर डायथर्मी (विद्युतलहरींनी आतपर्यंत शेक देणारं मशीन) टाळणं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण विचारायचं कुणी, काउंटरने की आतल्याने, हे ठरलेलं नसतं, म्हणून राहून जातं. वर्गातच एका माणसाचं नाव ठरवा.

> तपासा: मधुमेहाचा पेशंट "आणि जरा वाढवा, काय कळेनाच" म्हणाला तर हॉट पॅकचं काय करायचं? "वाढवतो" असं एकानेही उत्तर दिलं तर पुढे जाऊ नका. कळत नाही म्हणजे पाय बधीर आहे. पॅक काढायचा, कातडी बघायची, संवेदना तपासायची. भाजल्याचं त्याला संध्याकाळी घरी गेल्यावर कळतं.

## टप्पा 3: संमती, तोंडी (दीड तास, यात कपात नको)

समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये स्पष्ट केलं की तपासणीला दिलेली संमती उपचाराला लागू होत नाही आणि पेशंटला पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमतीच खरी. तो खटला शस्त्रक्रियेचा होता, पण तत्त्व आपल्या टेबलालाही लागू पडतं. मान तपासू दिली म्हणजे मान मोडू दिली असं नाही.

संमती बोलताना पाच गोष्टी, याच क्रमाने:

1. काय करणार, किती वेळ.
2. कुठे हात लागणार, कुठला कपडा सरकवावा लागणार.
3. काय बिघडू शकतं, आणि बिघडतंय हे कसं ओळखायचं.
4. दुसरा मार्ग काय, काहीच न करण्यासकट.
5. मध्येच थांबवता येतं, आणि थांबवलं म्हणून कुणी रागावणार नाही.

आता हे ऐकायला कसं लागतं ते बघा. नेहमीचं वाक्य: "मावशी, जरा ट्रॅक्शन लावतो, काही त्रास नाही ना?" मावशी म्हणतात, "नाही." झाली संमती! प्रश्नातच उत्तर घातलेलं. मोठ्या माणसाला, त्यातही पांढऱ्या कोटातल्याला, "आहे त्रास" म्हणणं खेड्यातल्या बाईला उद्धटपणाचं वाटतं. "त्रास नाही ना", "कळलं ना", "चालेल ना", हा शेवटचा "ना" वर्गात बंद. जो वापरेल त्याने फळ्यावर एक रेघ मारायची. माझ्या एका तुकडीत दुपारपर्यंत 41 रेघा झाल्या, त्यातल्या सात माझ्या.

बदललेलं वाक्य असं:

"मावशी, कमरेला पट्टा बांधून मशीन हळूहळू ओढणार. पंधरा मिनिटं. एक पट्टा छातीच्या खाली, एक कमरेवर, दोन्ही घट्ट बसतात. बांधताना माझा हात तिथे लागेल, हवं तर आमच्या ताई बांधतील. याचा सगळ्यांनाच फायदा होतो असं नाही. कळ पायात खाली उतरायला लागली तर ते चांगलं नाही, लगेच सांगायचं. हे नको असेल तर नुसता व्यायामही घेता येतो. आता मला सांगा, ओढणं सुरू असताना काय झालं तर मला हाक मारायची?"

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. मावशींनी स्वतःच्या शब्दांत "पायात कळ आली तर" म्हटलं तर पोचलं. "तुम्हाला म्हाईत की" म्हणाल्या तर पुन्हा सांगा. दुसऱ्यांदा सांगताना तीच वाक्यं चढ्या आवाजात म्हणायची खोड बहुतेकांना असते. मावशींना ऐकू येत नाही असं नव्हे, वाक्य बदला.

दुभाष्याचा सराव. तिघांचे गट करा: थेरपिस्ट, पेशंट, पेशंटचा जावई. पेशंट कन्नडमध्ये बोलणार, थेरपिस्टला मोडकंतोडकं कळतं, जावई मराठीत सांगणार. जावयाला कानात सांगून ठेवा की सासूबाई जे बोलतील त्यातलं निम्मंच सांगायचं आणि शेवटी स्वतःहून "हो म्हणतात, करा" म्हणायचं. थेरपिस्टच्या लक्षात येतं का बघा. पुष्कळांच्या येत नाही.

यावर उपाय तीन. पेशंटकडे बघून बोलायचं, जावयाकडे नाही. एका वेळी एकच वाक्य. आणि थोडे शब्द दोन्ही भाषांतले यायलाच हवेत: मुंग्या आल्या तर कन्नडमध्ये जोमु, आग होते तर उरी, दुखतं तर नोवु. दुखण्याचे शब्द जावयाच्या तोंडून आले की सगळं "दुखतंय" या एकाच शब्दात जमा होतं. चमक, कळ, ठणका, बधीरपणा यांतला फरक गळून जातो.

> सावधान: घरातली लैंगिक तक्रार, मारहाण, दारू, मूल न होणं यातलं काही निघण्याची शक्यता असेल तर नातेवाईक दुभाष्या चालत नाही. केंद्रातलं दुसरं माणूस बोलवा. नवऱ्याला बाहेर बसवायचं वाक्यही ठरवून ठेवा: "सगळ्यांनाच आम्ही दहा मिनिटं एकटं तपासतो." आणि ते खरं असू दे. एकट्या तिच्यासाठीच तसं केलं तर घरी गेल्यावर तिलाच जाब विचारला जातो.

## टप्पा 4: हात, पडदा आणि थांबणं

जेवणानंतर हा टप्पा घ्या. लोक तोवर जरा मोकळे झालेले असतात.

सरावासाठी मॉडेल लागतं, आणि इथे खुद्द प्रशिक्षक घसरतो. "ए, तू ये गं" म्हणून सगळ्यात ज्युनियर मुलीला टेबलावर झोपवायचं आणि सगळ्यांसमोर तिच्या कमरेवर हात ठेवून संमतीवर व्याख्यान द्यायचं, हे मी पाहिलंय. तिला नाही म्हणता येत होतं का? मॉडेल कोण होणार हे आदल्या दिवशी, एकेकट्याला, फोनवर विचारा. कुणीच तयार नसेल तर स्वतः झोपा. मी झोपते.

सरावाचा क्रम:

1. आधी शब्द ठरवा. "थांबा", "नको", "बास". कन्नडमध्ये "साकु", "ब्याड". यातला कुठलाही शब्द आला की हात उचलायचा, मग विचारायचं. "झालंच, एकच मिनिट" म्हणायचं नाही. नुसतं अंग आखडलं, श्वास धरला, तोंड फिरवलं तरी तो "थांबा"च.
2. कपडा पेशंटने सरकवायचा. आपण पाठ करून उभं राहायचं, चादर हातात द्यायची. नऊवारी साडीत कंबर तपासायची तर किती सरकवावं लागतं ते एका जाणत्या बाईकडून वर्गात समजून घ्या. पुरुष थेरपिस्टांना याची कल्पना नसते आणि विचारायची लाज वाटते.
3. हात लावण्याआधी एक वाक्य, हलवण्याआधी एक वाक्य. प्रत्येक वेळी. सुरुवातीला कृत्रिम वाटतं. आठवडाभरात सवय होते.
4. सोबत कोण, ते पेशंटने ठरवायचं. "बाई सोबत असतील, चालेल?" असं नव्हे, "सोबत कुणी हवंय का, कोण हवंय?" असं. सोबतीला थांबलेल्याचं नाव नोंदीत लिहायचं.

घरी जाऊन उपचार करणाऱ्यांसाठी वेगळी पंधरा मिनिटं ठेवा. एका खोलीचं घर, कोपऱ्यात टीव्ही, दारातून शेजारीण डोकावतेय, सून चहा टाकतेय. पडदा नाहीच. साडी आडवी बांधून आडोसा करता येतो, वेळ बदलून मागता येते. आणि घरात पेशंट एकटाच असेल तर दार उघडं ठेवायचं की बंद, हेही त्यालाच विचारायचं.

मान "कट" करून मोडण्याबद्दल एवढंच: मानेच्या झटक्याने रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना वैद्यकात नोंदलेल्या आहेत. दुर्मिळ, पण भरून न येणारं नुकसान. शिक्षण नसेल तर करू नये. शिक्षण असेल तरी हा धोका सांगितल्याशिवाय करू नये. रीलमध्ये तो आवाज छान येतो हे कारण होऊ शकत नाही.

## टप्पा 5: पाटी, पैसे, रील

हा टप्पा अर्ध्या तासात उरकतो, कारण उत्तरं सगळ्यांना माहीत असतात, फक्त गैरसोयीची असतात.

प्रत्येकाने आपल्या केंद्राच्या पाटीचा आणि शेवटच्या तीन पोस्टचा फोटो मोबाइलवर उघडायचा. "हमखास", "100 टक्के", "ऑपरेशनशिवाय कायमचा आराम" हे शब्द सापडले की संध्याकाळपर्यंत काढायचे. 1954 चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा ठरावीक आजारांवर औषधांच्या आणि मंत्र-ताईतासारख्या उपायांच्या जाहिराती रोखतो. "आम्ही औषध देतच नाही, आम्हाला काय" असं म्हणून सुटका नाही, कारण फसव्या जाहिरातीला 2019 चा ग्राहक संरक्षण कायदाही आहे.

दहा सिटिंगचं पॅकेज घेत असाल तर चौथ्यानंतर सोडणाऱ्याला किती परत, ते दरपत्रकावरच छापा. ऊसतोडीला किंवा भातलावणीला गेलेला माणूस मध्येच खंड पाडणारच, त्यात त्याचा दोष नाही. पेशंट पाठवणाऱ्याला "कट", म्हणजे कमिशन, द्यायचा नाही, घ्यायचाही नाही. आणि पेशंटचा व्हिडिओ काढायचा असेल तर ती वेगळी संमती, वेगळ्या दिवशी. दुखणं नुकतं कमी झालेला माणूस उपकाराच्या भरात कशालाही हो म्हणतो.

## टप्पा 6: गुपित कुठवर

भिंतीच्या पलीकडे बाकावर बसलेल्यांना आतलं बोलणं ऐकू येतं का, हे केंद्रात प्रत्यक्ष बसून ऐका. येत असेल तर बाहेर रेडिओ लावा, बाक हलवा. केंद्राच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पेशंटचं नाव, रिपोर्ट, फोटो बंद. समुपदेशकांनी 2017 चा मानसिक आरोग्य कायदा वाचलेलाच हवा. गोपनीयता हा त्यात पेशंटचा हक्क म्हणून लिहिलाय.

पण गुपित दोन ठिकाणी मोडावं लागतं, आणि ते पेशंटला आधी सांगायचं असतं, सगळं ऐकून घेतल्यावर नाही.

- अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी शंका आली तर 2012 च्या पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. "घरच्यांनी मिटवलंय" हे कारण चालत नाही. मुलांसाठीची हेल्पलाइन 1098.
- जीव द्यायचा विचार असेल तर माणसाला एकटं सोडायचं नाही. सरळ विचारा, विचारल्याने विचार बळावत नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक 14416 भिंतीवर मराठी-कन्नड दोन्हीत लावा. धारवाडची मानसिक आरोग्य संस्था आपल्याला जवळ आहे, पण त्या रात्री जवळचा दवाखानाच खरा.

> तपासा: समुपदेशकाने पहिल्या भेटीतलं आपलं पहिलं मिनिट म्हणून दाखवायचं. या दोन अपवादांचा उल्लेख आला नाही तर पुन्हा.

## टप्पा 7: आता फॉर्म

रविवारचा शेवटचा पाऊण तास. छापून आणलेला फॉर्म काढा आणि मोठ्याने वाचा. "उपरोक्त चिकित्सापद्धतीच्या संभाव्य दुष्परिणामांची मला पूर्ण कल्पना देण्यात आली असून" या ओळीला वर्गच हसतो. मग टप्पा 3 मधल्या पाच गोष्टी, तिथे वापरलेल्या साध्या वाक्यांत, पानभर लिहा. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. कन्नड बाजू कन्नड घरात वाढलेल्या माणसाने लिहायची, मोबाइलच्या भाषांतराने नाही.

सही बोलणं झाल्यावर, उपचार करणाऱ्यानेच घ्यायची, वेळ घालून. अंगठा असेल तर वाचून दाखवणारा साक्षीदार केंद्राबाहेरचा असला तर बरं. अठराच्या आतल्याला पालकाची सही लागते, शिवाय मुलालाही विचारायचं. उपचार बदलला की नवी संमती, जुनी पुरत नाही.

## टप्पा 8: तीन संध्याकाळी

लेखी परीक्षा घेऊ नका. पर्यायी प्रश्नांत सगळ्यांना पैकीच्या पैकी मिळतात, मी घेऊन बघितलंय.

पंधरा दिवसांनी: जोडीदाराने एकमेकांचं दहा मिनिटं काम बघायचं, पेशंटला विचारून. फक्त दोन गोष्टी टिपायच्या: किती "ना" आले, आणि हात लावण्याआधी वाक्य आलं का.

महिन्याने: कुठल्याही दहा फायली काढा. संमतीची वेळ उपचाराच्या वेळेआधीची आहे का? सगळ्या सह्यांची वेळ सकाळी दहा असेल तर काउंटर पुन्हा जुन्या वळणावर गेलाय.

तीन महिन्यांनी: उपचार संपवून बाहेर आलेल्या दहा पेशंटांना, त्यांची तयारी असेल तर, केंद्रात काम न करणाऱ्या माणसाकरवी एकच प्रश्न विचारा: "आज तुम्हाला काय केलं, आणि कशासाठी?" उत्तरं आहेत तशी लिहून घ्या, सुधारू नका. दहापैकी चौघांनी जरी "ते डॉक्टरला म्हाईत" असं सांगितलं तर टप्पा 3 पूर्ण दीड तासाचा पुन्हा घ्या, जावयासकट.